कपाटातले प्रश्नसंच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत डब्यांच्या आणि छड्यांच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी आंतरशालेय प्रश्नमंजुषेच्या प्रश्नसंचाबद्दल लिहितो. ग्रंथालयाच्या कपाटातल्या जुन्या फायली दरवर्षी कुणीतरी उघडतं, त्याच्या कामी येईल.

त्या फायलींतला प्रश्न जसाच्या तसा उचलू नये. २०१४ आधीच्या संचात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत, पालघर झाल्यावर ३६. २००६ आधीच्या संचात ग्रह ९. ‘सध्या’ हा शब्द दिसला की तिथे साल घाला, नाहीतर प्रश्नच काढा.

आधी आकडेमोड. ६ संघ, फेरीत प्रत्येकी २ थेट प्रश्न, ५ फेऱ्या, म्हणजे ६०. वर राखीव १०, कारण प्रेक्षकांतून कुणी उत्तर ओरडलं की तो प्रश्न बाद. बरोबरी फोडायला ५. फेरीतल्या पहिल्या ६ प्रश्नांचा ‘पास’ डावीकडून फिरवा, पुढच्या ६ चा उजवीकडून. एकाच दिशेने फिरवला तर कच्च्या संघाच्या पुढच्या खुर्चीवाल्यांची चांदी. त्या सहांची काठिण्यपातळीही सारखी हवी. एकाला राजधानी आणि दुसऱ्याला तहाचं कलम, असं नको.

खरी मेहनत बझर फेरीची. तिथे धागे अवघडाकडून सोप्याकडे यायला हवेत. समजा उत्तर लोणार आहे. पहिला धागा: इथे मास्केलिनाइट (उल्काघाताच्या धक्क्याने बनणारा काचेसारखा पदार्थ) सापडतं. दुसरा: जून २०२० मध्ये इथलं पाणी गुलाबी झालं. शेवटी: बुलढाणा जिल्ह्यातलं खाऱ्या पाण्याचं सरोवर. बुलढाणा आधी आला तर प्रश्न ज्ञानाचा राहत नाही, बोटाच्या वेगाचा होतो. आणि नुसतं ‘उल्काघाताने झालेलं भारतातलं विवर’ म्हटलं तर कुणी राजस्थानातलं रामगढ सांगेल, आणि ते चूक नाही.

मराठीत आणखी एक गोम आहे: लिंग उत्तर फोडतं. ‘दोन नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञ’ म्हटलं की बाई आहेत हे कळलं, आणि निम्मं सभागृह क्युरी म्हणतं. ‘या शास्त्रज्ञांना १९०३ चं भौतिकशास्त्राचं आणि १९११ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं’ असं लिहा. ‘ना’ प्रत्ययात सगळं झाकलं जातं. हे वाचताना कळत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा, तोही ज्याने लिहिला नाही त्याने.

सगळी उत्तरं एका वेगळ्या कागदावर अकारविल्हे उतरवा. एकच उत्तर दोनदा आलेलं तिथेच सापडतं. चौथ्या प्रश्नाच्या मजकुरातच एकोणिसाव्याचं उत्तर येऊन गेलेलं मात्र त्या कागदाने सापडत नाही. त्यासाठी संच सलग वाचावाच लागतो.

उत्तरासमोर काय चालेल तेही लिहून ठेवा: ‘छत्रपती संभाजीनगर, औरंगाबादही चालेल’. क्युरींच्या प्रश्नावर नुसतं ‘क्युरी’ आलं तर गुण देण्याआधी पहिलं नाव विचारायचं. मेरी, पिएर आणि मुलगी इरेन, तिघांनाही नोबेल आहे.