बियांच्या अर्कात जंतू मारणारं नक्की काय होतं

मी टेस्टिंग लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघतो, कॉस्मेटिकचे सॅम्पल रोजचेच असतात. पण मागं एक ताई घरगुती फेसवॉश घेऊन आल्या, त्यात प्रिझर्वेटिव्ह म्हणून ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क टाकलेला, सप्लायरने सांगितलेलं शंभर टक्के नैसर्गिक, आणि त्यांना लेबलवर "केमिकलमुक्त" लिहायचं होतं. सोबत अर्काची छोटी बाटलीही दिली, ग्लिसरीनमधला घट्ट पिवळसर द्रव.

प्लेट लावली. म्यूलर-हिंटन अगार (जंतू वाढवायचा जेलीसारखा थर), त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू, मधे विहीर म्हणजे छोटा खड्डा पाडून अर्क टाकला आणि दुसऱ्या विहिरीत नुसतं ग्लिसरीन. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर अर्काभोवती विसेक मिलिमीटरचा स्वच्छ गोल, म्हणजे तेवढ्या भागात जंतू वाढलेच नाहीत, कड एकदम धारदार, ग्लिसरीनच्या विहिरीभोवती मात्र अगदी काठापर्यंत वाढ. एवढं जोरदार काम वनस्पतीच्या अर्काकडून मी फार कमी वेळा बघितलंय, आणि खरं सांगायचं तर तिथंच मला खटकलं.

म्हणून ठरवलं की अर्क आपणच काढायचा. ताजं ग्रेपफ्रूट इथं सहज कुठं मिळतंय, पण ते मुळात पपनस आणि गोड संत्र्याचा संकर, आणि आपली मोसंबी म्हणजे ते गोड संत्रंच. मग आईबापांच्याच बिया घेतल्या. पपनस बाजारातून आणली, मोसंबीच्या बिया कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याने पिशवीभर फुकट दिल्या. बुळबुळीत बिया धुवून सावलीत सुकवल्या, दळल्या (कडू वास दिवसभर हाताला होता), इथेनॉलमध्ये भिजवल्या, गाळून इथेनॉल उडवलं आणि उरलेलं ग्लिसरीनमध्ये घेतलं. तीच प्लेट, तेच जंतू. गोल दिसलाच नाही, विहिरीच्या काठापर्यंत वाढ.

मग बाटलीतल्या अर्काची प्लेट परत लावली, यावेळी अगारमध्ये लेसिथिन आणि ट्वीन ८० घालून. क्वॅट्स, म्हणजे हॅंडवॉश आणि फरशीच्या क्लीनरमध्ये असतात ती क्वाटर्नरी अमोनियम संयुगं, यांनी निष्प्रभ होतात. गोल जवळपास गेलाच. एवढ्यावर शिक्का मारता येत नाही, कारण ट्वीन पॅराबेन या दुसऱ्या प्रिझर्वेटिव्हलाही दाबतं, म्हणून सॅम्पल एलसी-एमएसला पाठवलं, त्यात घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखतात. रिपोर्टमध्ये ४१२ वस्तुमानाचा मोठा पीक, बेंझेथोनियम या क्वॅटचा.

हे नवीन अजिबात नाही. १९९९ मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या संशोधकांनी बाजारातले सहा अर्क तपासले, पाच जंतू मारत होते आणि त्या पाचही अर्कांत बेंझेथोनियम क्लोराइड सापडलं. ज्यात प्रिझर्वेटिव्ह नव्हतं तो सहावा काहीच करत नव्हता, आणि त्यांनी स्वतः बियांपासून काढलेले अर्कसुद्धा नाही. पुढं अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनाही बेंझेथोनियम आणि नंतर बेंझाल्कोनियम हे दुसरं क्वॅट सापडलं. काही उत्पादक म्हणतात की प्रक्रियेत बियांतल्या फ्लेवोनॉइड या नैसर्गिक संयुगांपासूनच हे तयार होतं, पण मला ते अजिबात पटत नाही, बेंझेथोनियमच्या रेणूची शेपटी पेट्रोकेमिकल कच्च्या मालातून येते, ती बीत कुठून येणार. आणि लोक हे थेंब पोटात घेतात त्याची मला जास्त काळजी वाटते, स्वीडनमध्ये वॉरफॅरिन हे रक्त पातळ करायचं औषध घेणाऱ्या पेशंटचं रक्त असा अर्क घेतल्यावर जास्तच पातळ झाल्याची नोंद आहे.

ताईंना समोर बसवून दोन्ही प्लेट दाखवल्या. बराच वेळ बघत होत्या, मग विचारलं, "म्हणजे सर, बियांमध्ये काहीच नसतं का हो?" असतं ना, म्हटलं, लिमोनिन असतं, नॅरिंजिन असतं, कडवटपणा त्यांचाच, पण या ताकदीने जंतू मारणारं नाही. त्यांचा यात काही दोष नव्हता, त्यांनी विश्वासाने ड्रम घेतला होता. सप्लायरला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, तो क्वॅट्सचा रिपोर्ट द्यायला तयार होईना. ड्रम परत गेला. आता फेसवॉशमध्ये सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट आहे, पीएच ५ च्या खाली ठेवलाय, चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जंतू टाकून प्रिझर्वेटिव्ह टिकतं का बघतात ती) पास झाली आणि दोन्ही नावं लेबलवर स्पष्ट लिहिलीयत.