पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यातला ‘आर’

जुन्या चित्रपटांची पोस्टरे जमवणाऱ्यांमध्ये एक अलिखित उतरंड असते. चित्रपट पहिल्यांदा प्रदर्शित झाला त्या वेळी छापलेले पोस्टर सर्वांत वर, त्याच चित्रपटाच्या पुनर्प्रदर्शनासाठी छापलेले पोस्टर त्याच्या बरेच खाली, आणि केवळ भिंत सजवण्यासाठी अलीकडे काढलेली नक्कल तर हिशेबातच नाही. बाजारही याच उतरंडीने चालतो. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चे पहिल्या प्रदर्शनाचे एक पोस्टर २०१७ मध्ये लिलावात सव्वापाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले, याच चित्रपटाच्या पुढील दशकांतील पुनर्प्रदर्शनांची पोस्टरे त्या रकमेच्या अगदी लहानशा अंशात मिळतात.

मी मुख्यत्वे पुनर्प्रदर्शनांचीच पोस्टरे जमवतो. पहिल्या प्रदर्शनाची पोस्टरे परवडत नाहीत, हे त्याचे एक कारण आहेच आणि ते लपवण्यात अर्थ नाही. परंतु ती परवडली असती तरी माझी निवड फारशी बदलली असती असे मला वाटत नाही. पहिले पोस्टर तयार करणाऱ्या चित्रकाराला चित्रपटाचे पुढे काय होणार आहे याची कल्पना नसते. त्याच्यापुढे नटांची छायाचित्रे, कथेचा सारांश आणि जाहिरात विभागाच्या सूचना एवढेच साहित्य असते. दुसरे पोस्टर करणाऱ्याला मात्र प्रेक्षकांनी चित्रपटातले काय उचलले, कोणता नट पुढे मोठा झाला आणि कोणता विस्मरणात गेला, हे सर्व ठाऊक असते. त्यामुळे पुनर्प्रदर्शनाचे पोस्टर ही त्या चित्रपटाची जाहिरात तर असतेच, शिवाय तो चित्रपट मधल्या वर्षांत कसा पाहिला गेला याची नोंदही असते.

चित्रपट पुन्हा लावण्याची प्रथा चित्रपटव्यवसायाइतकीच जुनी म्हणता येईल. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्यापूर्वी, चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट पुन्हा पाहण्याचा दुसरा मार्गच प्रेक्षकांना उपलब्ध नव्हता. स्टुडिओच्या बाजूने पाहिले तर निर्मितीचा खर्च केव्हाच होऊन गेलेला असल्याने नव्या प्रती आणि नवी जाहिरात एवढ्याच भांडवलावर पुन्हा उत्पन्न मिळत असे. चॅप्लिनने १९२५ चा आपला मूकपट ‘द गोल्ड रश’ १९४२ मध्ये स्वतःच्या आवाजातील निवेदन आणि संगीत जोडून पुन्हा आणला. डिस्नेने ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ युद्धकाळात, १९४४ मध्ये, पुन्हा प्रदर्शित केला आणि त्यानंतर १९५२, १९५८, १९६७, १९७५ असा साधारण सात-आठ वर्षांचा क्रम बसवला. दर खेपेला मुलांची एक नवी पिढी तयार झालेली असते, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

भयपटांच्या बाबतीत मात्र वाट स्टुडिओने नव्हे, तर एका चित्रपटगृहाने दाखवली. ऑगस्ट १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरातील एका छोट्या चित्रपटगृहात ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘सन ऑफ काँग’ असे तीन जुने चित्रपट एकाच तिकिटात लावण्यात आले, आणि त्यांना इतकी गर्दी झाली की युनिव्हर्सल या स्टुडिओने पहिल्या दोन, म्हणजे आपल्याच, चित्रपटांची जोडी देशभर पुन्हा प्रदर्शित केली. भयपटांचा काळ संपला असे समजून स्टुडिओने तो प्रकार जवळजवळ बंद केला होता. या जोडीच्या यशानंतर १९३९ च्या आरंभी ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ पडद्यावर आला. एका पुनर्प्रदर्शनाने चित्रपटांचा एक अख्खा प्रकार पुन्हा उभा केला, असे हे उदाहरण आहे.

याच पुनर्प्रदर्शनांना दुसरीही एक बाजू आहे. अमेरिकी चित्रपटउद्योगाची नैतिक संहिता जुलै १९३४ पासून काटेकोरपणे लागू झाली, आणि त्यापूर्वीचे चित्रपट पुन्हा लावायचे तर त्यांनाही नव्या नियमांच्या चाळणीतून जावे लागे. १९३३ चा ‘किंग काँग’ १९३८ मध्ये परत आला तेव्हा काँगने नायिकेचे कपडे ओरबाडण्याचा प्रसंग, त्याने बेटवासीयांना पायाखाली चिरडण्याची दृश्ये आणि आणखी काही तुकडे कापलेले होते. ते पुन्हा जोडले जाण्यास १९७० चा सुमार उजाडावा लागला. म्हणजे १९३८ नंतरच्या पुनर्प्रदर्शनांची पोस्टरे १९३३ च्या चित्रपटाची नव्हेत, त्याच्या छाटलेल्या आवृत्तीची पोस्टरे आहेत, आणि कित्येक प्रेक्षकांनी आयुष्यभर तीच आवृत्ती ‘किंग काँग’ म्हणून ओळखली. याच छाटलेल्या चित्रपटाने १९५२ मध्ये इतका गल्ला जमवला की पुढच्याच वर्षी ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’ हा महाकाय प्राण्याचा चित्रपट निघाला, आणि या लाटेचा पुढचा टप्पा म्हणजे १९५४ चा जपानी ‘गॉडझिला’. १९५२ च्या पोस्टराला दुय्यम म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढा इतिहास तरी लक्षात घ्यावा, असे मला वाटते.

नटांच्या चढउताराचा हिशेब पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरांवर फार स्वच्छ दिसतो. ‘द अस्फाल्ट जंगल’ १९५० मध्ये आला तेव्हा मेरिलिन मन्रोची भूमिका लहान होती आणि जाहिरातीत तिला महत्त्व नव्हते. १९५४ च्या पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरावर मात्र ती ठळकपणे पुढे आली, कारण मधल्या चार वर्षांत तिचे नाव घरोघरी पोहोचले होते. चित्रपटात तिच्या वाट्याला आलेले क्षण तेवढेच राहिले. ही फसवणूक म्हणायची की धंद्याची रीत, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवावा. मला तरी अशी पोस्टरे पहिल्या प्रदर्शनाच्या पोस्टरांपेक्षा अधिक बोलकी वाटतात.

परंतु संग्राहकांची उतरंड खऱ्या अर्थाने अडखळते ती ‘गॉन विथ द विंड’पाशी. हा चित्रपट १९३९ चा. तो १९४७, १९५४, १९६१, १९६७ आणि १९७४ मध्ये, आणि त्यानंतरही, पुन्हा प्रदर्शित झाला. आज या चित्रपटाचे नाव घेताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ते चित्र, म्हणजे जळत्या शहराच्या ज्वाळांपुढे क्लार्क गेबलने व्हिव्हियन लीला दोन्ही हातांवर उचलून घेतल्याचे, १९३९ चे नाहीच. ते हॉवर्ड टर्पनिंग या चित्रकाराने १९६७ च्या पुनर्प्रदर्शनासाठी काढले. त्या वर्षी चित्रपट सत्तर मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी मोठा करण्यात आला होता, आणि मूळ चौकट जवळजवळ चौरस असल्यामुळे प्रत्येक दृश्याचा वरचा व खालचा भाग कापावा लागला होता. म्हणजे चित्रपट म्हणून सदोष असलेल्या आवृत्तीसाठी काढलेले चित्र त्या चित्रपटाची कायमची ओळख ठरले. असे असूनही बाजारात १९३९ चे पोस्टर फार वर आणि १९६७ चे फार खाली. दुर्मिळतेचा हिशेब मला समजतो, कारण १९६७ ची पोस्टरे संख्येने पुष्कळ उरली आहेत. परंतु पोस्टराच्या महत्त्वाचा हिशेब वेगळा करावा लागेल, आणि त्यात टर्पनिंगच्या चित्राला पहिल्या ओळीत बसवावे लागेल.

पुनर्प्रदर्शनासाठी नव्याने चित्र काढल्याची आणखीही उदाहरणे आहेत. डिस्नेचा १९४० चा ‘फँटेशिया’ १९६९ मध्ये तेव्हाच्या तरुणाईला आवडतील अशा भडक, ‘सायकेडेलिक’ म्हणजे नशेतल्या भासांसारख्या रंगांच्या पोस्टरासह परत आला. ‘स्टार वॉर्स’च्या १९७८ च्या पुनर्प्रदर्शनाचे, संग्राहकांमध्ये ‘सर्कस’ म्हणून ओळखले जाणारे पोस्टर चार्ल्स व्हाइट तिसरे आणि ड्रू स्ट्रुझन या दोघांनी मिळून रंगवले. श्रेयनामावलीला जागा कमी पडत असल्याचे लक्षात आल्यावर, लाकडी फळ्यांवर चिकटवलेले आणि कडेने फाटलेले जुने पोस्टर असल्याचा आभास त्यांनी चित्रातच निर्माण केला आणि खालच्या फळ्यांवर नावांची सोय केली. अडचणीतून निघालेली इतकी देखणी युक्ती मी दुसऱ्या पोस्टरात पाहिलेली नाही.

आता ओळखण्याविषयी, कारण या छंदातला बराचसा वेळ त्यातच जातो. अमेरिकेत १९४० च्या सुमारापासून मोठ्या स्टुडिओंची पोस्टरे चित्रपटगृहांना पुरवण्याचे काम नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या कंपनीकडे एकवटत गेले. तिच्या पोस्टरांच्या तळाशी उजवीकडे वर्षाचे शेवटचे दोन अंक, तिरपी रेघ आणि अनुक्रमांक छापलेला असे, आणि पुनर्प्रदर्शन असेल तर वर्षाच्या अंकांच्या आधी ‘आर’ हे अक्षर येई. प्रत्येक पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरावर तो ‘आर’ असतोच असे मात्र नाही, त्यामुळे तो नसल्याने काहीच सिद्ध होत नाही. नवख्यांचा एक गोंधळ येथेच सांगतो: नोव्हेंबर १९६८ पासून अमेरिकी पोस्टरांवर प्रेक्षकांच्या वयानुसार दिलेले दर्जाचे चिन्ह येऊ लागले, आणि त्यातही एक ‘आर’ आहे. त्याचा पुनर्प्रदर्शनाशी काहीही संबंध नाही.

ही दर्जाची चिन्हे मात्र कालनिर्णयासाठी फार उपयोगी पडतात. १९३९ च्या चित्रपटाच्या पोस्टरावर ‘जी’ (सर्व वयांसाठी) हे चिन्ह दिसले, तर ते पोस्टर १९६८ च्या अखेरीपूर्वीचे असूच शकत नाही. ‘जीपी’ हे चिन्ह १९७० ते १९७२ एवढाच काळ वापरात होते, त्यामुळे ते दिसले की तारीख जवळजवळ हातात येते. वितरकाचे नावही असेच बोलते: ‘स्नो व्हाइट’च्या १९५२ पर्यंतच्या पोस्टरांवर आरकेओ आढळते आणि १९५८ पासून बुएना व्हिस्टा, कारण ही वितरण कंपनी डिस्नेने १९५३ मध्ये काढली. तळाशी बारीक अक्षरांत छापलेले स्वामित्वहक्काचे वर्ष मात्र एकट्याने विश्वासार्ह नाही, कारण पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरावरही पुष्कळदा चित्रपटाचे मूळ वर्षच तसेच राहू दिलेले असते.

कागद स्वतःही साक्ष देतो. अमेरिकेतील प्रमाणित ‘वन शीट’ पोस्टर १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत २७ बाय ४१ इंचांचे असे, पुढे ते २७ बाय ४० झाले. १९८० च्या सुमारापर्यंत पोस्टरे छापखान्यातूनच घडी घालून, आडव्या तीन आणि उभी एक अशा घड्यांनी आठ भाग पाडून, पाठवली जात. त्यामुळे जुन्या पोस्टरावरील घडी हा दोष मानू नये, आणि १९५० च्या दशकातले पोस्टर घडीविना समोर आले तर आनंद मानण्यापूर्वी थोडे थांबावे. भिंगाखाली पाहिले असता जुन्या शिळाछपाईत रंगाचे खडबडीत, कणीदार थर दिसतात, तर नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते. अतिनील दिव्याची चाचणी सर्वांत सोपी आहे: कागदाला पांढरेपणा आणणारी चमकद्रव्ये साधारण १९५० नंतर सर्रास वापरली जाऊ लागली, आणि ती या प्रकाशात निळसर उजळतात. १९३० च्या दशकातले म्हणून दाखवले जाणारे पोस्टर असे उजळले तर व्यवहार तिथेच थांबवावा. २००९ च्या सुमारास जुन्या भयपटांच्या पोस्टरांतील बनावट माल मोठ्या प्रमाणावर उघडकीला आला होता आणि त्यात जाणकारही फसले होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ही पोस्टरे मुळात कोणी जपून ठेवावीत अशी अपेक्षाच नव्हती. ती चित्रपटगृहांना भाड्याने दिली जात, आणि प्रदर्शन संपताच परत करावीत अशी अट त्यांच्यावरच छापलेली असे. एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत ती झिजत, आणि युद्धकाळात पुष्कळशी रद्दीच्या मोहिमांत गेली. म्हणून जे उरले आहे ते सांभाळताना, परत उलटवता येणार नाही असा कोणताही उपचार करू नये, एवढे एक सूत्र मी पाळतो. मागून कापड लावायचेच असेल तर मध्ये आम्लमुक्त कागद आणि पाण्याने सुटणारी पिठाची खळ वापरणाऱ्या जाणकाराकडूनच ते करून घ्यावे. उष्णतेने फळीवर चिकटवलेले पोस्टर आणि चिकटपट्टीने जोडलेले पोस्टर, दोन्ही संग्रहाच्या दृष्टीने बहुधा वाया जातात.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर स्टुडिओंनी आपले जुने चित्रपट दूरचित्रवाणीला विकायला सुरुवात केली, १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट घरात आली, आणि पुनर्प्रदर्शनाचे मूळ प्रयोजनच संपले. ‘स्नो व्हाइट’ चित्रपटगृहांत १९९३ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी कॅसेटवर आला. त्यानंतरची पुनर्प्रदर्शने वर्धापनदिनांची, त्रिमितीची किंवा नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतींची आहेत, आणि त्यांची पोस्टरे छापतानाच संग्राहक डोळ्यांसमोर असतो. मर्यादित प्रती आणि क्रमांक घातलेले कागद हे त्याचेच लक्षण. त्यातली काही चित्रे फार सुंदर आहेत, पण त्यांना कोणत्याही रस्त्यावरच्या माणसाला आत खेचायचे नसते, त्यामुळे मी ती सहसा घेत नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या १९८९ च्या दुरुस्त आवृत्तीचे पोस्टर मिळाले तर मात्र घेईन, कारण ती आवृत्ती हरवलेले तुकडे आणि ध्वनी शोधून पुन्हा उभी करण्यात आली होती आणि तिला चित्रपटगृहांतच प्रेक्षक मिळवायचे होते.