तर्रीपुढे शरीर

एरवी चेहऱ्यावरची रेषाही हलू न देणारा करारी पुणेकर मिसळीपुढे बसल्यावर पाहण्यासारखा होतो. कपाळावर घाम जमतो, नाक वाहू लागते, डोळे पाणावतात आणि अशा अवस्थेत खिशातला रुमाल चाचपडत तो वेटरला सांगतो, "जरा सँपल आणा." शरीर नको म्हणत असताना माणूस आणखी का मागतो, हे कोडे मला मिसळीइतकेच प्रिय आहे.

आयुर्वेदाने तिखटाला सहा रसांत मानाचे पान दिले असले, तरी आधुनिक शरीरशास्त्र त्याला चव मानतच नाही. मिरचीतले कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटते, तिचे मूळ काम सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता जाणवताच मेंदूला वर्दी देण्याचे आहे. १९९७ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ग्राही ओळखली आणि ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. म्हणजे जिभेला खरोखरचा चटका बसलेला नसतो. खोटी वर्दी गेलेली असते, आणि मेंदू ती प्रामाणिकपणे खरी मानून घाम काढतो, लाळ आणि अश्रू सोडतो. वाफाळती तर्री गार तर्रीहून जहाल लागते, कारण तिथे खरी उष्णता आणि खोटी उष्णता एकाच दारावर थाप देतात. घरी आणून निवालेल्या मिसळीला 'आज दम नाही' असा शेरा देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाण्याचे घोट घेऊन काही साधत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दुधातले केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून ठेवते, म्हणून मिसळीशेजारी ताकाचा पेला ठेवण्याची रीत मला शहाणपणाची वाटते.

सवयीने या ग्राही काहीशा बोथट होतात. आमटीत गुळाचा खडा पडलाच पाहिजे अशा पुणेरी घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला पोहे आणि बटाट्याची भाजी घातलेली पेठेतली सौम्य मिसळ पुरते, तर माझे एक कोल्हापूरकर स्नेही तिला 'आजाऱ्याचे पथ्य' म्हणतात. मात्र त्यांच्या या अभिमानाचा आधार असलेली मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. त्यापूर्वी त्यांच्याही पूर्वजांचे मिरी, पिंपळी आणि सुंठेवरच भागत होते, हे मी त्यांना अधूनमधून ऐकवतो.

आणखी मागण्याच्या कोड्याला पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दिलेले उत्तर मला पटते. आपल्याला काही अपाय होत नाही हे मनाला ठाऊक असते, शरीर मात्र उगाच घाबरलेले असते, आणि मनाने शरीरावर केलेली ही कुरघोडीच सुखाची वाटते. मला वाटते, त्यात समोरच्याने पाहावे ही हौसही थोडी असतेच. एकट्याने घरी बसून इतके तिखट खाणारे मी फारसे पाहिलेले नाहीत.

अडचण इतकीच की याच ग्राही जिभेपाशी संपत नाहीत. अन्नमार्गाच्या थेट दुसऱ्या टोकापर्यंत त्या पसरलेल्या असतात. न पचता उरलेले कॅप्सेसिन तिथे पोहोचले की तीच खोटी वर्दी पुन्हा जाते, आणि या वेळी मात्र कौतुकाने पाहायला समोर कोणी नसते.