तात्याची बदामफोड: सहा आठवड्यांचा हिशेब

तात्याची ओळख नव्यांसाठी: निळा-पिवळा मकाव (दक्षिण अमेरिकेतला मोठा पोपट), वय अंदाजे अकरा, आधीचे मालक परदेशी गेले म्हणून माझ्याकडे आलेला. डीएनए चाचणीत मादी निघाली, पण तोंडात ‘तो’ बसलाय तो बसलाय. विदेशी प्राणी पाळण्याच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे, विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो.

छातीवरची पिसं उपटणं थांबत नव्हतं. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी रक्त, विष्ठा सगळं तपासलं, आजार नाही. ‘याला काम द्या,’ एवढंच म्हणाले.

परळच्या चौथ्या मजल्यावर काम कुठून आणायचं? जंगलातल्या मकावचा दिवस पोटामागेच जातो. उजाडता जोडीजोडीनं निघायचं, लांबवर उडायचं, ताडाच्या जातीच्या झाडांची फळं गाठायची, फोडायची, अर्धी खाऊन अर्धी टाकायची. तात्याची वाटी दहा मिनिटांत साफ. मग दिवसभर चोचीला सापडायची ती स्वतःचीच छाती.

आठवडा १ आणि २: सूर्यफुलाच्या बिया जवळजवळ बंद. भुईमुगाच्या शेंगाही बंद, कारण पावसाळ्यात त्यांना कधी बुरशी लागेल सांगता येत नाही आणि ती बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसाला जड जाते. पेरू, मक्याचं कणीस, शेवग्याची शेंग नारळाच्या करवंटीत कोंबून टांगली. करवंटीचा भुगा झाला, पेरू खाली पडून राहिला. वजन ११६० ग्रॅमवरून ११२५.

आठवडा ३: खरी गंमत इथून. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर लाल मकाव ज्या बदामाच्या झाडांना लटकून खातात, ते आपलंच देशी बदाम. मुळात आशियातलं झाड, तिकडे नेऊन लावलेलं. आणि आमच्या सोसायटीच्या गेटाशी एक उभंच आहे! लहानपणी दगडानं फोडून गर खाल्लाय आम्ही. वॉचमनकाकांकडून आकडी घेतली. फळ झाडावरूनच काढा, खाली पडलेलं नको. रात्री वटवाघळं अर्धवट खाऊन टाकतात.

पहिलं फळ बघून तात्या पिंजऱ्याच्या पार वरच्या कोपऱ्यात. नव्या वस्तूची भीती मकावला फार. दोन दिवस फळ लांब ठेवलं, रोज वीतभर जवळ. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बत्त्यानं एक फोडून मीच खाल्लं. गालाची पांढरी कातडी गुलाबी झाली, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या व्हायला लागल्या. डाव्या पायानं फळ उचललं.

साल सोलून फेकली (भिंतीवर), गर चाखून फेकला (माझ्यावर). आठळी मात्र सोडेना. जिभेनं फिरवत फिरवत वरच्या चोचीच्या आतल्या खरबरीत कंगोऱ्यांवर टेकवायची आणि खालच्या चोचीनं करवतीसारखं कापायचं. पहिल्या आठळीला पंचवीस मिनिटं लागली. आत दाणा केवढा, तर करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा.

आठवडा ५: आता सात मिनिटांत फोडतो. रोज चार आठळ्या, प्रत्येक वेगळ्या जागी दडवलेली. हौशी मंडळींमध्ये आठळ्या आधीच तडकवून द्याव्यात असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. अर्थात ब्राझीलच्या पँटनाल या पाणथळ प्रदेशात निळे हायसिंथ मकाव गुरांच्या शेणातून ताडाच्या जातीच्या फळांच्या आठळ्या वेचतात, वरचा गर आयता निघालेला असतो म्हणून. तेव्हा सोय कुणाला नको असते? तात्याला मी तरी देणार नाही.

ओरडण्याचं विचाराल तर सकाळचं जसंच्या तसं आहे. ती कळपाला घातलेली साद आहे, त्याला मी काय करणार, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मान्य केलंय. संध्याकाळचं निम्म्यावर आलं. ग्रिलवर कावळे जमले की अजून उखडतो. घार दिसली की मात्र चिडीचूप, अंग आक्रसून बसतो. तिकडे मकावच्या जंगलात त्यांची शिकार करणारा हार्पी गरुड असतो, आणि तात्यानं तो कधी पाहिलेलाही नाही.

आठवडा ६: छातीवर नव्या पिसांचे नऊ कोंब मोजले. परवा त्यातले दोन उपटलेले दिसले. मी त्या दिवशी ऑफिसातून उशिरा आलो होतो, आठळ्या लपवायच्या राहिल्या होत्या. सात अजून आहेत. वजन १०९०, याहून खाली उतरू देणार नाही.

अडचण एकच: गेटाजवळच्या झाडाची हाताशी येणारी फळं संपली. पार्ले, माहीम, शिवाजी पार्क, कुणाच्या आवारात भरलेलं झाड असेल तर कळवा. आकडी आणि पिशवी माझी.