आईची कवळी आणि मामाचे स्क्रू

गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या घरातल्या दोघांची अख्खी बत्तीशी नव्याने बसवून झाली. एक आई आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा. दोघांचं काम मात्र पार वेगळं झालं. मामाचं वर-खाली सगळं फिक्स, इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर, स्क्रूने आवळलेलं. आईला खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट आणि त्यावर काढ-घाल करायची कवळी, वरची तर साधीच कवळी. खर्चात सहा-सात पटीचा फरक. आता नातेवाईकांमध्ये असं झालंय की मामाचं काम "भारी" आणि आईचं आपलं "भागवलेलं", आणि ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं म्हणून हे सगळं एकदाचं लिहून टाकतेय.

आई कराडकडची, त्यामुळे मिश्री आलीच. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासत बसायचं. दात गेले तरी मिश्री राहिली, कारण मिश्रीला दात कुठे लागतात. पन्नाशीनंतर एकेक करत सगळे दात काढावे लागले आणि तेव्हापासून वर-खाली कवळी. पहिली काही वर्षं बरी गेली, मग खालची हलायला लागली. बोलताना उचलायची, जेवताना शेंगदाण्याचा कण खाली गेला की आई डोळे मिटून बसायची. जावयासमोर जेवायचं तर पदर तोंडाला. शेवटी तिने खालची कवळी काढून डब्यात ठेवली ती ठेवलीच, वरची एकटी लावून भाकरी दुधात कुस्करून खायची.

सगळे म्हणायचे नवीन कवळी करा. केली ना, दोनदा केली. पण कवळीचा दोष नव्हताच, दोष होता तिच्याखालच्या हाडाचा. दात गेला की त्याच्याभोवतीचं हाड झिजायला लागतं, कारण त्या हाडाचं कामच दात धरून ठेवायचं, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा साधारण चौपट वेगाने झिजतं. वरच्या कवळीला टाळूची अख्खी जागा मिळते, थुंकीच्या पातळ थराने ती चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळू नाही, नुसता घोड्याच्या नालासारखा आकार, मध्ये जीभ सारखी वळवळणारी, आणि खाली हाडाचा उंचवटाच उरलेला नाही. सीबीसीटी म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये आईच्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी दाखवलं तेव्हा मला कळलं. मागच्या बाजूला हाड इतकं उतरलेलं की आतली नस जवळपास वरच आलेली, कवळी दाबली की आई कळवळायची ती त्यामुळे. आम्हाला वाटायचं उगाच कांगावा करतेय.

या मॅडमकडे जायच्या आधी एका मोठ्या चकाचक क्लिनिकमध्ये गेलो होतो, नाव नको. "तीन दिवसांत फिक्स दात, आयुष्यभराची गॅरंटी." तिथे डॉक्टर भेटायच्या आधी एक काउन्सिलर भेटली, तिने स्कॅन नाही, शुगर विचारली नाही, थेट ईएमआयचा तक्ता काढला. वर-खाली मिळून सहा लाख, आज बुक केलं तर सूट. आई गाडीत बसल्यावर म्हणाली, "तोंड उघडून पण बघितलं नाही गं तिनं." मला त्या तंत्राबद्दल काही म्हणायचं नाही, तीन दिवसांत दात बसतात हे खोटं नाहीये, मामाचे तसेच बसले. पण तीन दिवसांत बसतात ते टेम्पररी, हे बोर्डावर कुणी लिहीत नाही.

आता मामाकडे वळू. मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, सगळी कामं वहीत लिहून करणारा माणूस. त्याला जुना पायरिया. दात तोंडात होते पण बोटाने हलवले तर हलायचे. म्हणजे दात गेल्यात जमा असले तरी इम्प्लांट घ्यायला पुरेल इतकं हाड जागेवर होतं, आणि हाच त्याच्यात आणि आईत मुख्य फरक. एकाच दिवशी उरलेले दात काढले आणि त्याच वेळी इम्प्लांट घातले, खाली चार, वर सहा. वरचं हाड मऊ असतं म्हणून वर जास्त घेतले. चारावर अख्खा जबडा पेलायची ही ऑल-ऑन-फोर पद्धत लिस्बनच्या पाउलो मालो यांनी रुळवली, २००३ मध्ये त्यांचा पहिला पेपर आला. त्यातली खुबी अशी की पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन तिरके घालायचे, अगदी ४५ अंशांपर्यंत. मागे खाली नस असते, वर सायनसची पोकळी असते, सरळ घातलं तर तिथे धडकणार. तिरकं घातलं की ते टाळूनही लांब इम्प्लांट बसतो आणि त्याचं तोंड मागच्या दाढांच्या बाजूला निघतं, त्यामुळे बऱ्याच जणांचं सायनस लिफ्ट किंवा हाड भरायचं वेगळं ऑपरेशन वाचतं.

हे सगळं मुळात शक्य झालं ते टायटॅनियममुळे. स्वीडनचे ब्रोनेमार्क म्हणून होते, ते दातांवर कामच करत नव्हते. १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्ताभिसरण बघत होते, नंतर ती काढायला गेले तर निघेना, हाड तिला घट्ट धरून बसलेलं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या पेशंटला पहिले इम्प्लांट बसवले, आणि लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हाही ते इम्प्लांट काम करत होते. चाळीस वर्षं! मामाने हे वाचलं आणि तो लगेच हिशोबाला बसला की आपल्याला चाळीस वर्षं लागणार नाहीत तर काही सूट मिळते का बघा.

पण हाडाने इम्प्लांटला असं धरायला तीन ते सहा महिने जातात. तोवर इम्प्लांट हाडात उभा असतो तो नुसत्या आट्यांच्या जोरावर, आणि चार-सहा इम्प्लांट एकाच ब्रिजने, म्हणजे दातांच्या एका सलग पट्टीने, एकमेकांना जखडलेले असतात म्हणून तो जोर टिकतो. तिसऱ्या दिवशी मामाला ॲक्रिलिकचा टेम्पररी ब्रिज लागला, आरशात बघून स्वारी खूश, आणि डॉक्टरांनी बजावलं की मऊ भात, पिठलं, शिरा, घोटलेली खिचडी, बास. मामाने बरेच दिवस पाळलं. मग जानेवारीत कुणाच्या तरी शेतावर हुरडा. "हुरडा मऊच असतो की" असं म्हणत बसला, आणि हुरड्याबरोबर गुळाचा खडा आणि रेवडी पण असते हे सोयीस्कर विसरला. टेम्पररी ब्रिजला सुळ्याजवळ उभी चीर. नशीब चांगलं, इम्प्लांट सगळे घट्ट होते, लॅबने ब्रिज सांधून दिला. मामी अजून कुणी आलं की ही गोष्ट सांगते.

फायनल दातांच्या ट्रायलला मी बरोबर होते. मेणात बसवलेले दात तोंडात ठेवले आणि डॉक्टर म्हणाले, "काका, एकसष्ट ते एकोणसत्तर म्हणा." एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... सदुसष्टला शिट्टी वाजली. वरचे पुढचे दात किंचित आत घेतले, परत एकसष्टपासून. असं तीन-चार वेळा. मग ओठ सैल सोडून हसा, मग "फ" म्हणा, खालचा ओठ वरच्या दाताच्या कडेला नीट टेकतो का बघू. मटेरियलमध्ये झिर्कोनियाचा, म्हणजे एक प्रकारच्या सिरॅमिकचा, पर्याय होता, दिसायला सुंदर आणि जिभेला गुळगुळीत, पण तडा गेला तर सगळंच काम नव्याने. मामाने टायटॅनियमच्या बारवर ॲक्रिलिकचे दात घेतले. ते काही वर्षांनी झिजणार हे त्याला माहीत आहे पण बदलता येतात, आणि दुरुस्त होत नाही ती वस्तू मामा घेतच नाही. ब्रिज स्क्रूने आवळला, स्क्रूच्या भोकात ती प्लंबर नळाला गुंडाळतात तीच टेफ्लॉनची पांढरी टेप कोंबली आणि वरून दाताच्या रंगाचं सिमेंट. उद्या काढायचं झालं तर सिमेंट उकरायचं, टेप ओढायची, स्क्रू हातात. वर-खाली मिळून साडेसात लाखांच्या आसपास गेले. मेडिक्लेममधून शून्य.

आता लोकांना वाटतं हे झालं की झालं, टायटॅनियमला काय कीड लागतेय. कीड लागत नाही, पण हिरडीला सूज येते, ती हाडापर्यंत उतरते आणि इम्प्लांट सैल होतो. फिक्स ब्रिजच्या खाली आणि हिरडीच्या मध्ये बारीक फट असते, अन्न तिथे जाऊन बसतं. मामा रोज रात्री पाण्याच्या धारेने फटी धुणारा वॉटर फ्लॉसर लावतो, मग तो जाडसर फ्लॉस सुईसारखा एका बाजूने घालून दुसरीकडून ओढतो, मग छोटे ब्रश. बेसिन अडवून बसतो म्हणून मामी कावते. दर सहा महिन्यांनी चेकअप, अधूनमधून अख्खा ब्रिज उतरवून सफाई. मामाला हे जमतं कारण तो मामा आहे.

आईला जमलं असतं का? तिच्या बोटांना संधिवात, एका डोळ्याला मोतीबिंदू. तिच्या तोंडात फिक्स ब्रिज बसवला तर त्याच्याखाली रोज रात्री दोरा कोण घालणार? मी पुण्यात, दादा मुंबईत. मॅडमनी पहिल्याच भेटीत हाच प्रश्न विचारला, पैशांचा नंतर. आणि म्हणाल्या की वरची कवळी आजींची छान धरतेय, तिला हात लावायचं कारण नाही, त्रास खालच्या कवळीचा आहे तर खालचंच बघू. खालच्या बिनदाताच्या जबड्याला दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा, असं २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल युनिव्हर्सिटीत जमलेल्या तज्ज्ञांनी म्हणून ठेवलंय. हे मला मात्र कुठल्याच बोर्डावर दिसलं नाही. त्यात विकण्यासारखं फार नाही ना, दोनच तर इम्प्लांट.

लगेच काही झालं नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, ८.४ निघाली, ती खाली आणल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाल्या. मिश्री बंद. यावरून घरात जे महाभारत झालं ते इथे लिहीत नाही, पण तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, हे मॅडमनी आईला तिच्याच भाषेत दोनदा सांगितलं तेव्हा कुठे डबी कपाटाबाहेर आली. आणि एक गोष्ट ज्यांच्या घरी वयस्कर बाई आहे त्यांनी लक्षात ठेवा. हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याला एक गोळी देतात ना, अलेंड्रोनेट वगैरे, ती चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, गोळीत कमी आणि इंजेक्शनात जास्त, पण असतो. आईने ती यादीत सांगितलीच नव्हती, "ती कुठं दाताची गोळी आहे." मॅडमनी फॅमिली डॉक्टरांशी बोलून मगच तारीख दिली.

ऑपरेशन म्हणाल तर दात काढण्यापेक्षा सोपं गेलं, असं आईच म्हणते. नुसती जागेवरची भूल. सुळे असतात त्या दोन जागा, तिथे हाड शेवटपर्यंत टिकतं आणि नसही मागेच राहते. शेवटी मॅडम पान्यासारखं एक हत्यार लावून इम्प्लांट पिळत होत्या आणि असिस्टंट पिळण्याच्या जोराचा आकडा वाचत होती, ३५ ला थांबल्या. टाके, बर्फाची पिशवी, दोन दिवस आईस्क्रीम, जे शुगरमुळे आईला एरवी मिळत नाही, ते पण शुगरफ्री. इम्प्लांटच्या पाकिटावरचे लॉट नंबरचे स्टिकर फाइलला लावून घ्या, पुढे दहा वर्षांनी दुसऱ्या गावात पार्ट लागला तर कुठल्या कंपनीचा, कुठल्या साइजचा हे त्यावरूनच कळतं.

तीन महिन्यांनी त्या दोन इम्प्लांटवर बटणं बसवली, लोकेटर म्हणतात, आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्यांच्या टोप्या. टोपीत नायलॉनची बारकी रिंग असते आणि रंगावरून तिची पकड ठरते, निळी हलकी, गुलाबी त्याहून घट्ट, पांढरी अजून घट्ट. मॅडमनी गुलाबी टाकली. आईने कवळी ठेवली, दाबली, टक्. जीभ फिरवली, हलेना. दोन्ही हातांनी गाल दाबून बघितले, हलेना. तिथेच पर्समधून काढून शेंगदाणे खाल्ले, बाई तयारीने आली होती. मजा रात्री झाली, कवळी निघेचना. संधिवाताची बोटं, नखं बारीक, ओढतेय ओढतेय आणि मग वैतागून मला फोन, "हे तर तिनं कायमचंच चिकटवलंय बघ." व्हिडिओ कॉलवर दादाच्या मुलीने आजीला दोन्ही अंगठे कुठे लावायचे ते दाखवलं. पुढच्या भेटीत गुलाबी काढून निळी रिंग घातली, आता ती एका हाताने काढते, नळाखाली ब्रशने घासते, पाण्याच्या वाटीत ठेवते, आणि त्या दोन बटणांभोवती मऊ ब्रश फिरवते. दोन मिनिटं. रिंगा वर्षाकाठी सैल होतात, बदलायचा खर्च किरकोळ. सगळं मिळून लाख-सव्वा लाखात झालं.

आता मामाला विचाराल तर तो म्हणेल आपलेच दात वाटतात, टाळू मोकळी असल्यामुळे आमटीची चव नीट लागते, आणि ते खरंय, आईला वरच्या कवळीमुळे तो फरक पडतोच. आई ऊस खाऊ शकत नाही, मामाही खरं तर खायला नको पण खातो. ज्याचं हाड शाबूत आहे, हात चालतात, खिशात पैसे आहेत आणि दर सहा महिन्यांनी जायची तयारी आहे त्याने फिक्स घ्यावं की, कोण नको म्हणतंय. पैसेच नसतील तर मुंबई-नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन बघा, वेळ खूप जातो, शिकणारी मुलं काम करतात पण मागे सर उभे असतात.

परवा मामाने आईला सुचवून बघितलं, ताई, वरचं पण माझ्यासारखं करून घे, मी निम्मे देतो. आई म्हणाली, "निम्मे आत्ताच दे, वाड्याची भिंत पडायला आलीय."