पन्हाळा दाखवायचा तो उजेडाच्या हिशेबानं

कोल्हापुरात आलेल्या पाहुण्यांना पन्हाळा फिरवून आणायचं काम मी करतो. अंतर वीसेक किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडायचा, केर्ली मागं टाकायची आणि वाघबीळला रत्नागिरीचा रस्ता सोडून घाट धरायचा. एवढ्या जवळचा गड, दोन तासांत उरकेल असं पाहुण्यांना वाटतं. उरकतोही. पण मग आठवणीत राहतो तीन दरवाजासमोरचा एक फोटो आणि झुणका-भाकर. गड नीट कळायला सहा-सात तास लागतात, आणि ठिकाणांचा क्रम अचूक लागतो.

शक्यतो रविवार टाळतो. रविवार जोतिबाचा वार, केर्ली फाट्यावर गाड्या तुंबतात आणि वरच्या पार्किंगला दुपारी जागा उरत नाही. दुसरा कुठला वार असला तर साडेआठला कोल्हापूर सोडतो, नाक्यावर नगरपरिषदेचा कर भरतो आणि साडेनऊच्या आत गडावर असतो.

गाडी चार दरवाज्याच्या जागेवरून आत येते. दरवाजा कुठाय, हे प्रत्येक जण विचारतोच. 1844 च्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. तिथून बरेच ड्रायव्हर जवळ पडते म्हणून पहिल्यांदा सज्जा कोठी गाठतात. तिथं सकाळी जाऊन उपयोग नाही. ऊन समोरून डोळ्यांवर येतं आणि खालचं वारणेचं खोरं नुसतं धुरकट दिसतं. दुपारी तीननंतर ऊन पाठीशी जातं, तेव्हा शेतांचे बांधसुद्धा मोजता येतात. म्हणून मी गाडी थेट पश्चिमेला काढतो.

सुरुवात अंधार बावेपासून. बाहेरून साधी दगडी इमारत, आत तीन मजले आणि तळाला विहीर. वेढा पडला तर पाणी शत्रूच्या हाती लागू नये, म्हणून आदिलशाही काळात विहिरीभोवतीच हा छोटा किल्ला उभा केला. पहारेकऱ्यांसाठी भिंतीत कोनाडे, बाहेर निसटायला चोरवाट. एका वेळी दहाच माणसं आत नेतो. आत शिरल्यावर दोन मिनिटं सगळ्यांना उभं करायचं, डोळे सरावू द्यायचे, मगच पायऱ्या उतरायच्या. लगेच मोबाईलची बॅटरी लावली की तेवढाच दगड दिसतो आणि पुढची पायरी चुकते. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ धरतं. चपलेवर आलेल्या काकूंना मी वरच्या मजल्यावरच थांबवतो, “काकू, इथनं पण विहीर दिसते, बसा जरा.”

शेजारीच तीन दरवाजा. इथं घोळका फुटतो, निम्मे फोटोत आणि निम्मे ताकाच्या गाडीवर. म्हणून आधी दोन दारांमधल्या चौकात सगळ्यांना घेतो आणि तिथंच बोलतो. आतल्या दाराच्या कपाळपट्टीवर गणपती आहे, तो मराठ्यांनी नंतर बसवला. बांधकाम विजापूरकरांचं आणि वर गणपती, यातच गडाच्या हातबदलाचा इतिहास आला. मूळ किल्ला शिलाहार भोज दुसरा याचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. नावांची आणि सनांची माळ लावत नाही, ऐकणारा तिसऱ्या सनाला मान खाली घालून फोन बघायला लागतो.

ऊन चढलं की अंबरखाना. आत गारवा असतो. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या, त्यातली गंगा सर्वांत मोठी. आत सोळा खण, प्रत्येक खणाचं छत घुमटासारखं आणि त्यात एक चौकोनी भोक. पाहुण्यांना बरोबर भोकाखाली उभं करून वर बघायला सांगतो. धान्य वरून ओतायचे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. टन किती, हा प्रश्न ठरलेला. खंडी म्हणजे वीस मण, पण मणाचं वजन मुलखागणिक बदलायचं. म्हणून टनाचा आकडा मी देत नाही.

जेवणानंतर बंगल्यांचा भाग चालत दाखवतो. पन्हाळा हे नांदतं गाव आहे. ताराराणींनी इथून राज्य चालवलं, राजधानी 1782 मध्ये खाली कोल्हापूरला गेली आणि पुढं थंड हवेसाठी पैसेवाल्यांनी इथं घरं बांधली. लता मंगेशकरांचाही बंगला इथं होता. फाटकातून आत कॅमेरा घालायचा नाही, हे मी आधीच बजावतो. पाहुणे जातात, पण गावकऱ्यांचे बोल मला ऐकावे लागतात. 2025 मध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारशात गेल्यापासून तर जास्तच जपावं लागतं.

तीनला सज्जा कोठी. संभाजीराजांना इथं कैदेत ठेवलं होतं असं सांगतात. मी 'सांगतात' म्हणूनच सांगतो. पिता-पुत्रांची शेवटची भेट 1680 च्या जानेवारीत पन्हाळ्यावर झाली, तेवढं ठाम बोलतो. कठड्यावर कुणाला बसू देत नाही, फोटोसाठीसुद्धा.

सिद्दी जौहरचा वेढा मात्र मी अजून उघडलेला नसतो. तो पुसाटी बुरुजावर, साडेपाचला. पाणी आणि धान्य बघून आलेल्या माणसाला चार महिने गड कसा तगला हे आपोआप उमगतं. समोर पश्चिमेला मसाई पठार असतं. 12 जुलै 1660 च्या रात्री महाराज त्याच बाजूनं विशाळगडाकडं निघाले, हे बोट दाखवून सांगता येतं. खाली नेबापूरच्या शिवा काशिदांचं नाव इथं घेतो, पावनखिंडीतल्या बाजीप्रभूंचंही घेतो. हे सांगून झाल्यावर मी पाच मिनिटं गप्प राहतो. विशाळगडापर्यंत भुयार आहे का, असं कुणी विचारलंच तर सरळ नाही म्हणतो.

अंधार पडला की पूर्वेच्या कडेला येऊन आग्नेयेला कोल्हापूरचे दिवे दाखवायचे. याला योग्य महिना बघावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, उसाचा हंगाम सुरू झाला की धूर आणि गुऱ्हाळं खालची हवा गढूळ करतात. पाऊस उघडल्यावरचे दोन-तीन आठवडे सर्वांत स्वच्छ. शहर दिसायला पाहिजे म्हणणाऱ्यांना मी ऑक्टोबरच सुचवतो. पावसाळ्यातच यायचं असेल तर देखाव्याचा शब्द देत नाही. त्या दिवशी अंधार बाव, तीन दरवाजा आणि अंबरखाना निवांत दाखवतो. या तीन जागांना धुक्यानं काही फरक पडत नाही.

पावसाळ्यात निघण्याआधी रस्त्याचीही चौकशी करतो. 2021 च्या जुलैमध्ये प्रवेशाजवळचाच रस्ता खचला होता आणि गाडीची वाट तुटली होती. उतरताना ड्रायव्हरला दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायला सांगतो. सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो, आणि दही-भाकर खाऊन मागं बसलेल्यांना वाघबीळच्या आतच मळमळायला लागतं. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवून मगच गाडी हलवायची.