नोंदवहीत नसलेला बायपास

सोमवार, रात्री

अप्रेझलचं पत्र हातात पडलं. पाचांपैकी तीन. मागच्या वेळीही तीनच होते, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. पण साहेबांनी केबिनमध्ये बोलावून जे कारण सांगितलं ते काही डोक्यातून जात नाहीये. म्हणाले, "तुझ्या कामात खोट काढायला जागा नाही. फक्त व्हिजिबिलिटी कमी पडते."

व्हिजिबिलिटी! गॅस प्रोसेसिंग प्लांट चोवीस तास चालतो. त्यातले निम्म्याहून जास्त तास केबिनला कुलूप असतं आणि साहेब घरी असतात. त्या तासांत कॉम्प्रेसर सुरळीत चालला, फ्लेअर, म्हणजे जादा गॅस जाळायची चिमणी, भडकला नाही, लाइनचं प्रेशर जागचं हललं नाही, तर सकाळी आठला कुणाला काय दिसणार? दिसण्यासारखं काही घडू न देणं हीच तर आमची नोकरी. दिसतात त्या स्लाइड्स.

बेल कर्व्हचं गणितही त्यांनी समजावून सांगितलं. इतक्यांनाच वरचं रेटिंग, इतक्यांना खालचं द्यावंच लागतं, वरून आदेश आहे. ते खरंही आहे, ही भानगड काही त्यांनी सुरू केलेली नाही. पण त्या कर्व्हच्या माथ्यापलीकडे कुणाला न्यायचं आणि मागे कुणाला ठेवायचं, एवढं तरी वरून येत नसावं. वरचं रेटिंग यंदाही धाकट्या साहेबांना.

धाकटे साहेब हे नाव पॅनलवरच्या मामांनी पाडलं. मामा म्हणजे आमचे कंट्रोल रूममधले सर्वांत जुने पॅनल ऑपरेटर, सगळा प्लांट त्यांना मामाच म्हणतो. आता हे नाव इतकं रुळलंय की नवीन आलेल्या ट्रेनींना तेच त्याचं खरं पद वाटतं. माणूस हुशार आहे, हे रागाच्या भरातही कबूल करायला हवं. माझ्याच आगेमागे लागलेला. पहिली काही वर्षं शिफ्टमध्ये उत्तम काम करायचा, हेल्मेटखाली घामाघूम होऊन व्हॉल्व्ह शोधत फिरायचा. मग साहेबांच्या नजरेत भरला, जनरल शिफ्टला गेला आणि तिथेच राहिला.

बुधवार

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा नव्या कॉम्प्रेसर पॅकेजचा विषय निघाला. बाहेरच्या कुणाला हे क्षुल्लक वाटेल, म्हणून नीट लिहून ठेवतो. मोठं मशीन घेतलं की ते पाठवण्याआधी बनवणाऱ्याच्या कारखान्यात चाचणी होते, एफएटी. आपली माणसं जाऊन बघतात, चालवून घेतात, चुका काढतात. तिथे निघालेली चूक त्यांच्या खर्चाने सुधारते. इथे आल्यावर निघालेली चूक आपल्या बोडक्यावर. म्हणून एफएटीला जो उद्या ते मशीन चालवणार आहे त्याने जायचं, हे साधं शहाणपण.

आमच्याकडे एफएटी म्हणजे बक्षीस. परदेशवारी, हॉटेल, भत्ता, फोटो. गेले कोण? धाकटे साहेब आणि अकाउंट्समधला एक. मशीन आलं, बसवलं, तेव्हा कळलं की स्क्रबरचा, म्हणजे गॅसमधला द्रव वेगळा करणाऱ्या भांड्याचा, ड्रेन व्हॉल्व्ह पाइपांच्या इतका आत आहे की मचाण बांधल्याशिवाय हात पोचत नाही. एका गेजचं तोंड भिंतीकडे. ड्रॉइंगवर ते व्यवस्थितच दिसतं. रोज रात्री तो व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या फील्ड ऑपरेटरला तिथे नेलं असतं, तर पहिल्या पाच मिनिटांत तो म्हणाला असता, "साहेब, इथे हात कसा घालू?"

चाचणीच्या अहवालात त्या रकान्यात 'समाधानकारक' असं लिहिलंय.

शुक्रवार, नाइट संपल्यावर

झोप येत नाहीये, तेव्हा लिहूनच काढतो.

रात्री दीडच्या सुमारास त्याच कॉम्प्रेसरच्या सक्शन स्क्रबरची लेव्हल वर सरकायला लागली. गॅसबरोबर येणारं द्रव कन्डेन्सेट या भांड्यात खाली साचतं आणि वरून कोरडा गॅस मशीनमध्ये जातो. लेव्हल वाढली की आधी हाय अलार्म, आणखी वाढली की हाय-हायला मशीन आपोआप ट्रिप होतं, म्हणजे बंद पडतं. व्हायलाच हवं. गॅस दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये द्रव शिरला तर व्हॉल्व्ह आणि रॉड मोडतात, आणि पुढे काय बाहेर येईल ते सांगता येत नाही.

हाय अलार्म वाजला. मी ट्रेंड बघत होतो. मामा खुर्चीतून पुढे वाकले आणि स्क्रीनवर त्या उपकरणाच्या टॅगशेजारच्या इवल्याशा पिवळ्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, याचा हाय-हाय बायपासमध्ये आहे." म्हणजे लेव्हल कितीही चढली तरी मशीन आपोआप बंद पडणार नव्हतं.

बायपास रजिस्टर काढलं. शेवटची नोंद जुनी, केव्हाच बंद झालेली. शिफ्ट लॉगमध्ये एक अक्षर नाही. संध्याकाळी चार्ज देऊन गेलेल्या शिफ्ट इन-चार्जला उठवलं, त्यालाही पत्ता नाही. म्हणजे त्याची अख्खी शिफ्ट त्या ट्रिपच्या भरवशावर गेली, आणि ट्रिप नव्हतीच.

फील्ड ऑपरेटरला गेज ग्लासकडे पिटाळलं. कंत्राटी मुलगा, विशीतला. काच तेलकट झालेली, म्हणून मागून टॉर्च धरून द्रवाची रेषा कुठे आहे ते वॉकीटॉकीवर सांगत राहिला. लेव्हल खरीच वर होती. कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला होता. त्याला शेजारून वळसा घालणाऱ्या पाइपचा हँड व्हॉल्व्ह त्याने थोडा थोडा उघडला, रेषा काचेत खाली उतरायला लागली, तेव्हा कुठे मी फोन उचलला. ज्या मशीनचं संरक्षण काढून टाकलंय त्याच्याशेजारी तो उभा आहे हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. लगेच सांगितलं आणि परत बोलावलं.

धाकट्या साहेबांनी बऱ्याच रिंगनंतर फोन घेतला. "अरे हो, साहेबांनीच सांगितलं होतं. लेव्हल मोजणारा ट्रान्समीटर मध्येच उड्या मारतो, मशीन उगाच ट्रिप होत होतं. मी ग्रुपवर टाकलं होतं की!"

कुठल्या ग्रुपवर? प्लांटच्या नाही. साहेबांचा एक छोटा ग्रुप आहे, मर्जीतल्या चार-पाच जणांचा. शिफ्टमधलं त्यात कुणी नाही.

त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं हे इथे नोंदवून ठेवतो. ट्रान्समीटर बिघडला असेल तर ट्रिप काही काळ बायपास करतात, सगळीकडे करतात. पण त्याला कागद असतो. कुणी मागितला, कुणी मंजूर केला, किती तासांपुरता, आणि तेवढ्या काळात माणूस डोळ्यांनी लेव्हल बघत राहील की नाही. ज्याला साहेबांचा तोंडी होकार फोनवर मिळतो, तो कशाला त्या कागदामागे धावेल? बाकी आम्ही एका साध्या कामाच्या परमिटसाठी तीन सह्या घेत फिरतो, कारण आमच्या चुकीला माफी नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

पदोन्नती, भत्ते, दौरे यांबद्दलचा राग वेगळा. तो जळफळाटही असेल, चालेल. पण काल रात्री जे बघितलं ते जळफळाटाच्या पलीकडचं आहे. प्लांटमध्ये मर्जी चालायला लागली की माहिती वहीतून जायचं सोडून माणसामाणसांतून जायला लागते, आणि जो माणूस त्या गोटात नाही त्याच्या हातात रात्री मशीन असतं.

सकाळच्या मीटिंगमध्ये बायपासवर एक मिनिटही गेलं नाही. साहेबांचा प्रश्न होता, मध्यरात्री फोनाफोनी कशासाठी? स्पीकरवर, सगळ्यांसमोर. "शिफ्ट इन-चार्जला रात्रीची भीती वाटत असेल तर लाइट लावून ठेवा." चार जण हसले. मामा हसले नाहीत, पण तेही खाली बघत होते.

मंगळवार

वार्षिक सेफ्टी ट्रेनिंग. उद्घाटनाचं भाषण साहेबांचं, स्लाइड्स धाकट्या साहेबांच्या. नेहमीप्रमाणे पायपर अल्फा, समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म.

६ जुलै १९८८, उत्तर समुद्र. एका कन्डेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला, त्याच्या जागी नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड बंद करणारी चकती, तीही घट्ट न बसवलेली. व्हॉल्व्हचं परमिट वेगळं, पंपाचं वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला. शिफ्टवरच्या लोकांना पंपाचं परमिट माहीत होतं, व्हॉल्व्हचं नाही. त्यांनी पंप चालू केला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारसी केल्या, आणि आज जगभरच्या प्लांटमध्ये परमिट आणि शिफ्ट हँडओव्हरची जी शिस्त आहे ती बरीचशी त्यातून घट्ट झाली.

ही गोष्ट मी दरवर्षी ऐकतो. यंदा ऐकताना मान वर करवेना. समोर उभा राहून ती सांगणारा माणूस गेल्याच आठवड्यात एक ट्रिप नोंद न करता काढून ठेवून घरी गेला होता, आणि दोन्हींचा काही संबंध आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नव्हतं. ढोंग असतं तर बरं वाटलं असतं.

टेक्सास सिटीची स्लाइड घाईत गेली. २३ मार्च २००५, रिफायनरीतलं युनिट शटडाऊननंतर चालू करताना टॉवर क्षमतेबाहेर भरला. १५ मृत्यू, १८० जखमी. रात्रपाळीने सकाळच्या लोकांसाठी लॉगबुकात जेमतेम एक ओळ लिहून ठेवली होती, आणि काही ऑपरेटर महिनाभर सुट्टीविना बारा-बारा तासांच्या शिफ्ट करत होते. मेलेले पंधराही जण कंत्राटदारांची माणसं. हे शेवटचं स्लाइडवर नव्हतं. मला तो गेज ग्लासवरचा मुलगा आठवला. तो ट्रेनिंगला नव्हता, कंत्राटी लोकांची बॅच वेगळी असते.

शेवटी साहेबांनी गेटवरच्या बोर्डचा उल्लेख केला, अपघाताविना गेलेले दिवस. टाळ्या. त्या बोर्डची गंमत सगळ्यांना माहीत आहे. बोट चिरडलेला फिटर दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवला की 'लाइट ड्युटी' होते, कामाचा दिवस वाया जात नाही आणि बोर्डवरचा आकडा चालू राहतो. डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगचा २० एप्रिल २०१० ला स्फोट झाला तेव्हा कंपनीची बडी मंडळी रिगवर आलेली होती. तिथेही सात वर्षं कामाचा एक दिवस वाया गेला नव्हता. ११ माणसं गेली. असले आकडे घसरलेल्या पायांची मोजदाद करतात, बायपास केलेल्या ट्रिपची नाही.

प्रश्नोत्तरांत विचारावं असं वाटलं होतं. आजूबाजूला बघितलं तर सगळे मोबाइलमध्ये. नव्या ट्रेनीने मात्र विचारलं, "स्टॉप वर्कचं कार्ड खरंच वापरता येतं का सर?" गळ्यातल्या पट्ट्याला ते सगळ्यांच्याच लटकतं, धोका दिसला तर कुणीही काम थांबवावं म्हणणारं, मोठ्या साहेबांच्या सहीचं. उत्तर आलं, "अर्थातच. पण जजमेंट वापरून." पोराने मान डोलावली. त्याला जे कळायचं ते कळलं.

गुरुवार

मेल पाठवली. साहेबांना, प्रत सेफ्टी विभागाला. भावना नाहीत, आरोप नाहीत. टॅग नंबर, वेळ, ट्रेंडचा स्क्रीनशॉट, रजिस्टरच्या पानाचा फोटो, आणि एक मागणी: आत्ता प्लांटमध्ये जेवढे बायपास चालू आहेत त्यांची यादी प्रत्येक शिफ्टच्या हँडओव्हरमध्ये यावी.

तासाभरात उत्तर आलं, "समोर येऊन बोल." सेफ्टीची प्रत काढून टाकलेली. मी ती परत जोडून उत्तर दिलं की नाइट आहे, लेखी कळवलं तर बरं. पुढच्या वर्षीच्या तीनाचे आता दोन होणार हे उघड आहे. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मग बाहेर अर्ज टाकायला सुरुवात कर." तेही चालू आहे.

धाकट्या साहेबांचा फोन आला. वाटलं भांडेल. आवाज खाली होता. म्हणाला, "मेलमध्ये माझं नाव नाही टाकलंस, बरं केलंस. साहेबांची बदली होणार म्हणतात." त्याच्या नावावर नसलेले पण त्याने केलेले असे किती बायपास आहेत ते विचारलं. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, आठवून सांगतो.

आठवून! मामांना सांगितलं तेव्हा ते पट्टी-पेन्सिल घेऊन बसलेच होते. पॅनलची एकेक स्क्रीन उघडून पिवळ्या खुणा लिहून काढताहेत, टॅगनुसार, रजिस्टरशी ताळा घालत. मी फील्डमधून पडताळतोय. पहिल्या युनिटमध्येच दोन जास्त निघाल्या. उरलेली युनिटं उद्याच्या नाइटला.